नवंकोरं नाणं ग्रेडिंगला पाठवण्याआधी

नाणी जमवायला लागून वर्ष-दोन वर्षं झाली, की एखाद्या प्रदर्शनात स्लॅबमधलं नाणं हातात येतं. जाड पारदर्शक कवच, वर लेबल, त्यावर 'एमएस ६६' (एमएस म्हणजे मिंट स्टेट, चलनात न फिरलेलं) असा आकडा आणि सुट्या नाण्याच्या कितीतरी पट किंमत. मग घरी अल्बम उघडल्यावर वाटतं, आपलं १९९९चं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणंही असंच लखलखीत आहे, तेही ग्रेडिंगला, म्हणजे कंपनीकडून तपासून आकडा आणि कवच घ्यायला, का पाठवू नये? नवे संग्राहक हा प्रश्न घेऊन येतात तेव्हा बहुतेकांना मी 'थांबा' म्हणतो. त्यामागचा हिशेब सगळ्यांना कळावा, म्हणून हे लिहितोय.

ग्रेडिंगची मोजपट्टी १ ते ७० अशी आहे. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडली. पुढे १९८६मध्ये पीसीजीएस आणि १९८७मध्ये एनजीसी या ग्रेडिंग करणाऱ्या अमेरिकन कंपन्या सुरू झाल्या आणि ती जगभर रूढ झाली. चलनात न फिरलेलं नाणं ६० ते ७० या पायऱ्यांवर बसतं. म्हणजे डीलर ज्याला सरसकट 'यूएनसी' म्हणतो, त्याच्या पोटात अकरा पायऱ्या आहेत. आधुनिक नाण्यांत पैसे मिळतात ते वरच्या तीन-चार पायऱ्यांना. ६२ किंवा ६३ आलं, तर तेवढंच चांगलं नाणं गिऱ्हाईक डीलरच्या डब्यातून सुटं उचलतं. स्लॅबसाठी तो जास्त का देईल?

म्हणून आधी नाणं बघायला शिका. खोलीतले दिवे मालवा, एकच टेबललॅम्प ठेवा, नाणं कडेने धरा आणि प्रकाशाखाली हळूहळू कलतं करत फिरवा. न फिरलेल्या नाण्यावर उजेडाचा एक पट्टा गोल सरकत जातो. तो पट्टा महाराजांच्या गालावर किंवा मागच्या बाजूला सिंहाच्या छातीवर तुटला आणि तिथे करडा, मंद डाग दिसला, तर ती झीज आहे. पण उठाव सपाट असूनही पट्टा त्यावरून सलग जात असेल, तर तो कमजोर ठसा. दोन रुपयांचं हे अकरा कोनी नाणं कप्रोनिकेलचं, म्हणजे कठीण धातूचं. वापरून थकलेल्या डायने, म्हणजे ठसा मारणाऱ्या साच्याने, मारलेला ठसा पहिल्या दिवसापासूनच पुसट असतो. अशा नाण्याला झिजलेलं म्हणता येत नाही, पण वरचा ग्रेडही सहसा मिळत नाही.

यानंतर दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि चेहऱ्याभोवतीचा मोकळा भाग तपासा. चलनातली नाणी टांकसाळीतून पिशव्यांत भरून निघतात, एकमेकांवर आपटतात. ते बारीक टोचे बँकेच्या सीलबंद पिशवीतल्या नाण्यावरही असतात. मोकळ्या भागात एक ठळक टोचा असेल, तरी मी ते नाणं बाजूला ठेवतो. समांतर बारीक रेषा दिसल्या तर विषयच संपला. कुणीतरी चिंचेने किंवा पावडरने ते घासलेलं आहे. अशा नाण्याला आकडा मिळत नाही, फक्त 'डिटेल्स' असा शेरा येतो आणि फी मात्र पूर्ण जाते. आपल्याकडे देवाची भांडी आणि नाणी एकाच हाताने घासली जातात, त्यामुळे घरातल्या जुन्या साठ्यात हे फार आढळतं. वाईट वाटतं, पण उपाय नाही.

सगळ्यात मोठी भुरळ 'पॉप्युलेशन'ची, म्हणजे कंपनीने त्या ग्रेडची किती नाणी नोंदली त्या आकड्याची. कंपनीच्या यादीत अमुक नाण्याची एमएस ६७ मध्ये एकच नोंद दिसते आणि विकणारा ते 'जगात एकमेव' म्हणून दाखवतो. ब्रिटिश काळातल्या रुपयाबाबत अशा आकड्याला वजन असतं, कारण ती नाणी आजवर पुष्कळ तपासली गेली आहेत. १९९९चं संत ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं किंवा २००७चं लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं नाणं आजवर फार थोड्यांनी पाठवलंय. यादीतला एक म्हणजे पाठवलेल्यांतला एक. उद्या कुणी जपून ठेवलेली पिशवी फोडून निवडक नाणी पाठवली, की एकाचे वीस होतात आणि भाव खाली येतो. आज चढ्या भावाने घेणाऱ्याने हा धोका ओळखूनच पैसे मोजावेत.

खर्चही कागदावर मांडा. फी, जाण्यायेण्याचं कुरियर, विमा, परदेशी पाठवत असाल तर कस्टम्सची कागदपत्रं, आणि महिनोन्महिने अडकलेलं नाणं. समोर ठेवा त्याच नाण्याचा त्याच ग्रेडमधला लिलावातला प्रत्यक्ष विक्रीचा भाव. विक्रेत्याने मागितलेली किंमत धरू नका. अपेक्षेपेक्षा एक पायरी खाली आलं तरी खर्च निघत असेल, तरच पाठवा. वैष्णोदेवीच्या २०१२च्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असं सांगणारे मेसेज यात धरूच नका. जुन्या नाण्या-नोटांच्या अशा फसव्या व्यवहारांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये लोकांना सावध केलं होतं.

मग 'जरूर पाठवा' कधी म्हणतो? टांकसाळीच्या चुकीचं ठळक नाणं असेल तर. ठसा मध्यापासून सरकलेला, किंवा एका मूल्याचा ठसा दुसऱ्या मूल्याच्या चकतीवर. हातोडी आणि अॅसिड वापरून अशी नाणी घरीही बनवतात, त्यामुळे इथे आकड्यापेक्षा खरेपणाचा दाखला मोलाचा. जुन्या वर्षांची प्रूफ नाणी (संग्राहकांसाठी खास पाडलेली) मूळ पॅकिंगमध्ये निर्दोष राहिली असतील, तर तीही. आणि एखादं नाणं मुलाबाळांकडे द्यायचंय, विकायचंच नाही, तर नफ्याचा हिशेब बाजूला ठेवून खुशाल पाठवा.

स्लॅब विकत घेताना लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळवा, खोटे स्लॅबही फिरतात. जी नाणी पाठवणार नाही, ती मऊ पीव्हीसीच्या पाकिटातून आजच काढा. त्यातून सुटणारा हिरवट चिकट थर नाण्याचा पृष्ठभाग खातो. मायलरची (पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकची) पाकिटं वापरा, आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवून ती दर पावसाळ्याआधी बदला.