इंडोनेशियाहून बोर्ड मागवताय? या चुका टाळा

औषधांची, साबणाची, मिठाईची खोकी छापणाऱ्या कितीतरी कारखान्यांत इंडोनेशियाचा फोल्डिंग बॉक्स बोर्ड चालतो. छपाई चांगली उठते आणि भाव ऐकला की आपल्याकडच्या मिलचा सेल्समन विषय बदलतो. पण प्रोफॉर्मावरचा, म्हणजे आधी मिळणाऱ्या कच्च्या बिलावरचा, तो भाव न्हावा-शेवाला कंटेनर सुटेपर्यंत खरा धरू नका. आसियान करारामुळे हा माल शून्य सीमाशुल्काने येतो आणि ती सवलत सगळी कागदपत्रांवर उभी असते. ती नाकारली गेली तर मूळ शुल्क १० टक्के आणि त्यावरचा अधिभार मिळून ११ टक्के बसतात. २५ टनांचा कंटेनर, टनाला ७० हजार रुपये असा हिशेब केला तर १ लाख ९२ हजार ५०० रुपये. आयजीएसटीचं क्रेडिट तरी मिळतं, याचं मिळत नाही.

फॉर्म एआय आला, म्हणजे झालं?

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. फॉर्म एआय, म्हणजे माल कोणत्या देशात बनला याचं प्रमाणपत्र, तिकडचं सरकारी कार्यालय देतं, आपण फक्त पीडीएफ सीएचएला (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला) पुढे पाठवायची, अशी अनेकांची समजूत आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कॅरोटार नियम (व्यापार करारांखालच्या मूळ देशाच्या तपासणीचे सीमाशुल्क नियम) लागू झाल्यापासून जबाबदारी आयातदारावर आली. माल तिथे कसा बनला, कच्चा माल कुठला, मूल्यवृद्धी किती, ही माहिती त्या नियमांतल्या फॉर्म १ प्रमाणे तुमच्याकडे आधीच हवी. कागद ५ वर्षं जपायचे. अधिकाऱ्याने मागितले तर हातात कामकाजाचे १० दिवस असतात, आणि त्या १० दिवसांत परदेशी मिलकडून खर्चाचा तपशील काढणं म्हणजे काय, ते ज्याने काढलाय त्यालाच विचारा. म्हणून ही अट खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्या. कंटेनर निघाल्यावर तुमच्या मेलला कोणी घाईने उत्तर देत नाही.

प्रमाणपत्र हातात आलं की मूळ देशाच्या निकषाचा रकाना आधी वाचा. सर्वसाधारण निकष असा, की किमान ३५ टक्के मूल्य आसियान-भारत क्षेत्रातलं असावं आणि कच्च्या मालाचं सीमाशुल्काच्या दरसूचीतलं सहा अंकी वर्गीकरण तयार मालात बदललेलं असावं. काही वेळा तिथे ‘पूर्णपणे तिथेच मिळालेला’ अशा अर्थाची नोंद दिसते. सुमात्रातल्या बाभूळवर्गीय झाडांचा पल्प स्थानिक असेलही, पण त्यात लांब धाग्याचा पल्प दुसरीकडून आणून मिसळला असेल तर ती नोंद टिकणार नाही.

बिल सिंगापूरच्या व्यापाऱ्याचं असेल तर तिसऱ्या देशाच्या बिलाच्या चौकटीत खूण हवी. माल चढल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांनंतर प्रमाणपत्र निघालं असेल तर ते उशिरा दिल्याचा शेरा त्यावर हवा. पोर्ट क्लांग किंवा सिंगापूरला जहाज बदलणार असेल तर इंडोनेशियातूनच निघालेलं थ्रू बिल ऑफ लेडिंग, म्हणजे भारतापर्यंतच्या सगळ्या प्रवासाची एकच जहाजपावती, मागा.

नोंदणी शेवटच्या क्षणी

१ ऑक्टोबर २०२२ पासून दरसूचीच्या ४८ व्या प्रकरणातल्या २०१ प्रकारच्या कागदांसाठी पिम्स (कागद आयातीवर नजर ठेवणारी सरकारी ऑनलाइन यंत्रणा) नोंदणी सक्तीची आहे. माल पोचण्याच्या ७५ दिवस आधीपासून ५ दिवस आधीपर्यंत अर्ज करता येतो आणि मिळालेला क्रमांक ७५ दिवस चालतो. बुकिंग पक्कं झालं की लगेच करून टाका. वजन थोडं वाढवून टाका, कारण मिलचा माल ऑर्डरइतकाच कधी भरत नाही. एका क्रमांकावर अनेक बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सला द्यायची आयातीची नोंदपत्रं) चालतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये व्हर्जिन मल्टिलेयर (नव्या पल्पच्या, अनेक थरांच्या) बोर्डावर टनाला ६७,२२० रुपये किमान आयात किंमत लागली, ती ३१ मार्च २०२६ पर्यंतची. असे आदेश येतात, बदलतात. मागच्या कंटेनरच्या भरवशावर भाव देऊ नका, त्या दिवसाची अधिसूचना उघडून बघा. बिलात नुसतं ‘पेपर बोर्ड’ लिहू नका. व्हर्जिन की रिसायकल्ड, कोटिंग कसलं, किती जीएसएम (दर चौरस मीटरला किती ग्रॅम), सगळं हवं. केओलिनचं (पांढऱ्या मातीचं) कोटिंग असलं तर दरसूचीतला क्रमांक ४८१०, प्लास्टिकचं असलं तर ४८११. प्रमाणपत्र, बिल आणि बिल ऑफ एन्ट्रीवर पहिले सहा आकडे जुळले नाहीत की चौकशी ठरलेली.

शीट लाकडी पॅलेटवर येत असतील तर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडावर कीड मारण्याची प्रक्रिया केल्याचा, शिक्का पुसट नको.

टनावर घेणं, नगावर विकणं

कस्टम्सने काही म्हटलं नाही तरी इथे पैसा जातो. ३०० जीएसएमचा बोर्ड ३०९ निघाला तर त्याच वजनात शीट जवळपास ३ टक्के कमी भरतात. मिलला त्यात तोटा नसतो, तुम्हाला असतो. करारात सहनमर्यादा आणि मोजणीची पद्धत, म्हणजे आयएसओ ५३६, लिहा. चाचणी कोणाची ग्राह्य धरायची तेही.

पावसाळ्यात माल आला की गुंडाळी लगेच फाडू नका. छापखान्याच्या हवेत बोर्ड काही काळ बंदच ठेवा, नाहीतर कडा वळतात आणि दोष मिलच्या माथी मारला जातो. कंटेनरमध्येच पाणी शिरलेलं असेल तर आधी फोटो काढा, सर्व्हेयर बोलवा आणि जहाज कंपनीला ३ दिवसांत लेखी कळवा. ओली रीळं बाजूला काढून उरलेली वापरायला घेतली, तर दावा करताना नुकसान किती होतं हे दाखवायला काही उरत नाही.