बेबीसिटरला रोखीने पगार देताय? अमेरिकेतल्या आईबाबांनो, या चुका टाळा

ओळखीतून एक बाई मिळते, आठवड्याचे पैसे ठरतात आणि दर शुक्रवारी पाकीट हातात ठेवलं की झालं. "कॅश दिली की टॅक्सची भानगड नाही," हे सांगणारं कोणीतरी प्रत्येक पॉटलकला भेटतंच. त्यांचं ऐकू नका. रोख, चेक, मनी ऑर्डर, आयआरएसच्या (अमेरिकेच्या करखात्याच्या) लेखी हे सगळं 'कॅश वेजेस'च, म्हणजे रोख पगारच.

एका व्यक्तीला वर्षभरात ठरावीक रकमेइतके (२०२५ साली ती २,८०० डॉलर होती) किंवा जास्त दिले, की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे सरकारी पेन्शन आणि आरोग्यविम्यासाठीचे कर, लागू होतात. आठवड्याला ३०० दिलेत तर दहाव्या आठवड्यातच हा आकडा ओलांडला जातो. आणि कर फक्त वरच्या रकमेवर नाही, पहिल्या डॉलरपासून. एकूण १५.३ टक्के: ७.६५ तुमच्या खिशातून, ७.६५ तिच्या पगारातून. तिचा भाग कापायला विसरलात तर तोही तुम्हीच भरायचा. म्हणून ६०० ठरवताना हातात ५५४.१० पडतील हे पहिल्या दिवशीच सांगा. नंतर कापायला गेलात की मनं दुखावतात.

दुसरी चूक मला जास्त खटकते, कारण ती शहाणी माणसं करतात: १०९९ (कंत्राटदाराला दिलेल्या पैशांचा फॉर्म) देऊन मोकळं होणं. ती तुमच्या घरी येते, वेळा तुम्ही ठरवता, बाळाला कधी भरवायचं आणि कधी झोपवायचं तेही तुम्हीच सांगता. मग ती तुमची नोकरदार आहे आणि तिला डब्ल्यू-२, म्हणजे नोकरदाराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा फॉर्मच द्यायचा. कागदावर 'इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर' (स्वतंत्र कंत्राटदार) लिहून घेतल्याने काही बदलत नाही, फक्त तुमच्या वाट्याचा कर तिच्या गळ्यात पडतो. तुम्ही मूल तिच्या घरी सोडता आणि ती इतरांचीही मुलं सांभाळते, तर गोष्ट वेगळी. तो सहसा तिचा स्वतःचा व्यवसाय असतो. अठरा वर्षांखालच्या शाळकरी मुलीला शनिवारी संध्याकाळी बोलावलंत तर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरची चिंता नको. (व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईला 'पगार' देण्याच्या मात्र फंदात पडू नका, तिला इथे नोकरी करताच येत नाही.)

पकडणार कोण, असं वाटतं ना? तुम्ही तिला कामावरून कमी करता, ती बेकारभत्त्यासाठी अर्ज करते, मालक म्हणून तुमचं नाव लिहिते, आणि राज्याच्या दप्तरी तुमची नोंदच नसते. तक्रार कोणाचीच नसते, तरी पत्र येतं. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी अमेरिकेच्या अ‍ॅटर्नी जनरलपदासाठी निवडलेल्या झोई बेअर्ड यांना, घरी कागदपत्रं नसलेले कामगार ठेवल्यामुळे आणि त्यांचा याच प्रकारचा कर थकवल्यामुळे, माघार घ्यावी लागली होती.

बेकारी विम्याचं खातंही विसरलं जातं. एखाद्या तिमाहीत घरकामाचे एकूण १,००० डॉलर दिलेत तर फेडरल बेकारी कर लागतो. राज्याचे नियम वेगळे, ते स्वतंत्र बघा.

आणखी एक विसंगती. पगार लपवायचा आणि रिटर्नमध्ये चाइल्डकेअर क्रेडिटही (मूल सांभाळण्याच्या खर्चावरची करसवलत) मागायचं, हे जमत नाही. त्या फॉर्ममध्ये सांभाळणारीचा सोशल सिक्युरिटी किंवा टॅक्स नंबर लिहावा लागतो.

आता सुरुवात करायची तर आधी ईआयएन (मालक म्हणून मिळणारा कर-क्रमांक) काढा. डब्ल्यू-२ जानेवारीअखेर तिच्या हातात पडला पाहिजे. तुमचा हिशेब १०४०सोबत (तुमच्या वार्षिक टॅक्स रिटर्नसोबत) शेड्युल एच या घरकामगारांच्या कराच्या जोडफॉर्मवर जातो, म्हणून वर्षभर स्वतःच्या नोकरीतला टॅक्स थोडा जास्त कापून घ्या, म्हणजे एप्रिलमध्ये दंड बसत नाही. मागचं वर्ष राहून गेलं असेल तर १०४०-एक्सला (दुरुस्त रिटर्नला) शेड्युल एच जोडून भरा. त्यावर व्याज लागेलच, पण पत्र यायच्या आत भरलेलं बरं.