री-आरसीटीत दोन व्हिजिटच्या मधे कॅनॉलमध्ये काय भरायचं?

जुनी आरसीटी (रूट कॅनॉल ट्रीटमेंट) पुन्हा करायला, म्हणजे री-आरसीटीसाठी, उघडली, जीपी (आत भरलेलं गटापर्चा) निघाली, कुबट वास आला आणि शेवटचा पेपर पॉइंट (कॅनॉल कोरडा करायची कागदी काडी) टोकाला ओलाच बाहेर आला, म्हणजे आज ऑब्चुरेशन (कॅनॉल कायमचा भरणं) नाही. मग प्रश्न येतो की मधल्या दिवसांत आत ठेवायचं काय. बरेच जण हाताला लागेल ती ट्यूब उचलतात, पण पहिल्यांदा केलेली आरसीटी आणि री-आरसीटी यांत आतले जंतूच वेगळे असतात, म्हणून इथे जरा थांबून विचार करायला हवा.

पहिल्या वेळी मिश्र गर्दी असते. फेल झालेल्या कॅनॉलमध्ये मात्र उपाशी राहूनही तगणारे चिवट जंतू उरतात, एन्टरोकोकस फीकॅलिस हा त्यातला नेहमी सापडणारा, कधीकधी कॅन्डिडा पण असते. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पीएच १२.५ च्या आसपास, थेट संपर्कात आलं तर बहुतेक जंतू मरतात. पण हा फीकॅलिस डेंटिनच्या (दाताच्या आतल्या कठीण थराच्या) नळ्यांत शिरून बसतो, तिथे डेंटिन स्वतःच अल्कली शोषून घेतं, पीएच आतपर्यंत तेवढा चढत नाही आणि जे काही पोचतं ते तो आपल्या प्रोटॉन पंपाने सांभाळून घेतो.

म्हणून कॅल्शियम हायड्रॉक्साइड बाद झालं का? अजिबात नाही. मेलेल्या जंतूंचं एन्डोटॉक्सिन निकामी करणं आणि उरलेला टिश्यू सैल करणं ही कामं ते करतं, क्लोरहेक्सिडीन (दुसरं जंतुनाशक) करत नाही. एक्स-रेवर मोठं लीजन (मुळाच्या टोकाशी हाडातला खराब झालेला भाग) आणि पाझरणारा कॅनॉल असेल तर मी अजूनही तेच भरतो, पाण्यात किंवा सलाइनमध्ये कालवलेलं, कारण त्यातून आयन पटकन सुटतात. सिलिकॉन तेलात आयोडोफॉर्मसोबत येणाऱ्या पिवळ्या पेस्ट भरायला फार सोप्या आहेत हे खरं, पण तेलातून आयन कमी सुटतात आणि नंतर भिंतीवरून ती पेस्ट काढताना जीव जातो, री-आरसीटीत मी त्या टाळतो.

२ टक्के क्लोरहेक्सिडीन जेल कधी? लीजन लहान, कॅनॉल कोरडा होतोय, पण आधीचं फिलिंग वर्षानुवर्षं लीक होत होतं, अशा दातात. लॅबमध्ये फीकॅलिसवर ते कॅल्शियम हायड्रॉक्साइडपेक्षा चांगलं चालतं आणि डेंटिनला चिकटून काही दिवस काम करत राहतं, पण पेशंटमध्ये फरक तेवढा ठळक दिसेलच असं नाही. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, आधी धुवायला हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) वापरलं असेल तर सलाइनने भरपूर धुवा आणि पेपर पॉइंटने कोरडं करा, मगच जेल. नाहीतर चेंबरमध्ये (दाताच्या वरच्या पोकळीत) बघता बघता विटकरी-तपकिरी गाळ धरतो, तो नळ्यांची तोंडं बुजवतो आणि दातालाही रंग चढतो. दोन्ही औषधं एकत्र कालवून दुप्पट फायदा मिळेल ही अपेक्षा पण नको, एवढ्या अल्कलीत क्लोरहेक्सिडीन टिकत नाही.

ट्रिपल अँटिबायोटिक पेस्टमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडॅझोल आणि मिनोसायक्लिन असतं. जंतूंवर जोरदार, पण मिनोसायक्लिनने दात काळपट होतो, त्यामुळे पुढच्या दातात मी ते वगळून उरलेली दोनच घेतो. अ‍ॅलर्जी आणि प्रेग्नन्सी विचारल्याशिवाय हात लावू नका. दुखणं फार असेल तर स्टेरॉइड-अँटिबायोटिक पेस्ट काही दिवस आराम देते, पण इन्फेक्शन संपवायचं काम तिच्यावर सोडू नका.

भरताना कॅनॉलची लांबी घ्या आणि त्यापेक्षा २-३ मिमी आखूड थांबा. सिरिंजची सुई अडकवून दाबू नका, खालच्या दाढेत पेस्ट नर्व्हपर्यंत गेली तर ओठ बधिर होऊ शकतो आणि हे नुकसान कायमचं पण असू शकतं. मग एक्स-रे काढा. साधं कॅल्शियम हायड्रॉक्साइड डेंटिनइतकंच पांढरं दिसतं, त्यामुळे नीट भरलेला कॅनॉल फोटोत चक्क गायब होतो, मधे काळी रेघ दिसली तर तिथे पोकळी आहे, पुन्हा भरा. आणि टेम्पररी (वरचं तात्पुरतं फिलिंग) किमान ४ मिमी जाड हवी. पातळ थर दिला तर आठवड्यात थुंकी आत, मग औषध कुठलं होतं याला अर्थच उरत नाही.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड किमान ७ दिवस ठेवा, मी साधारण दोन आठवडे ठेवतो. महिनोन्‌महिने नको, डेंटिन ठिसूळ होतं. काढताना नुसत्या हायपोने निघत नाही, १७ टक्के ईडीटीए (कॅल्शियम धरून काढणारं द्रावण) आणि अल्ट्रासॉनिक लागतं, खास करून टोकाकडच्या भागात, नाहीतर उरलेला थर सीलरला (शेवटच्या भरणातल्या सिमेंटला) भिंतीला लागू देत नाही.

एका वरच्या पहिल्या दाढेत मी दोनदा ड्रेसिंग बदललं, दोन्ही वेळा पेपर पॉइंट ओलाच. तिसऱ्यांदा ट्यूब हातात घेतली होती, पण ती ठेवून मॅग्निफिकेशनखाली चेंबरचा फ्लोअर (तळ) नीट बघितला तर एमबी-२ (या दाढेतला सहज न दिसणारा जास्तीचा कॅनॉल) कुणी शोधलेलाच नव्हता. तेव्हापासून दुसऱ्या ड्रेसिंगनंतरही ओलं आलं तर औषध बदलत नाही, आधी राहिलेला कॅनॉल, भिंतीवर चिकटलेली जुनी जीपी आणि क्रॅक शोधतो, प्रोब घेऊन हिरडीभोवती फिरवतो.