परसातली तळी: रोहिणी लागण्याआधी गाळ काढा, पण तळ खरवडू नका

कोकणातल्या जुन्या घरांच्या मागे, माड-पोफळीच्या सावलीत, एखादी छोटी चिरेबंदी तळी असायची. शिंपणं तिच्यावर चालायचं, गुरं तिथे पाणी प्यायची. घरोघर नळ आले, विंधण विहिरी झाल्या आणि तळीकडे कुणी फिरकेनासं झालं. आज अशा बहुतेक तळ्यांवर जलपर्णी किंवा गोंडाळाचं झाकण आहे, खाली गुडघाभर काळा गाळ आहे आणि कडेच्या चिऱ्यांत उंबराने मुळं घातली आहेत. तुमच्या परसात अशी तळी असेल, तर ती बुजवू नका. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचे दिवस तिच्यासाठीच राखून ठेवा. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते. तोवर उपसा आणि दुरुस्ती दोन्ही आटोपलेली हवीत.

हेच दिवस का, याला कारण आहे. उन्हाळ्याच्या शेवटी जमिनीतलं पाणी सर्वांत खाली गेलेलं असतं. पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या आसपास तळी रिकामी केली, तर आतल्या पाण्याचा आधार जातो आणि भिंतीमागची ओली माती चिऱ्यांना आत ढकलते. मे महिन्यातही घाई नडते. आमच्या तळीवर आम्ही सकाळी पंप लावला आणि दुपारपर्यंत ती कोरडी केली. संध्याकाळी पूर्वेकडची कड घसरली, नऊ चिरे गाळात गेले. ते परत बसवायला गाळ काढण्यापेक्षा जास्त दिवस लागले. म्हणून दोन-तीन दिवस घ्या, रोज फूट-दीड फूट पाणी उतरवा आणि रात्री कडांकडे नजर टाका. चिऱ्यांत नवी फट दिसली, तर थांबा. उपसलेलं पाणी वहाळात, म्हणजे ओढ्यात, सोडू नका, माडांच्या आळ्यांत घाला.

पाणी उतरवण्याआधी वरचं तण काढा. जलपर्णी मुळासकट ओढून काठापासून लांब, उन्हात टाका. दोन-चार दिवसांत सुकली की शेणाबरोबर थर देऊन खड्ड्यात कुजवा. तणनाशक मारायचा सल्ला कुणी दिला, तरी मारू नका. मेलेलं तण पाण्यातच कुजतं, पाण्यातला प्राणवायू खातं आणि मासे पोट वर करून तरंगतात. जलपर्णीचं बी गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतं. त्यामुळे जून-जुलैमध्ये ती पुन्हा डोकं काढणारच. आठवड्याला एकदा, फुलं येण्याआधी, हाताने वेचली की पुरे.

शेवटचं फूटभर पाणी एका कोपऱ्यात राहू द्या. तिथे मासे, बेडूक, शंख गोळा होतात. मासे बाहेर काढायचेच असतील, तर तळीचंच पाणी भरलेल्या पिंपात, सावलीला ठेवा. बेडूक आणि कासव सापडलं तर त्यांना त्याच ओल्या कोपऱ्यात सोडा. चिऱ्यांच्या फटींत दिवड असते. ती विषारी नाही, पण फटीत दुसरंही काही असू शकतं. हात घालण्याआधी काठीने चाचपा. गाळात काचा, पत्रे हमखास निघतात, तेव्हा अनवाणी उतरू नका.

आता गाळ. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद तळीत फूटभर गाळ म्हणजे सहा घनमीटर, दोन ब्रासहून थोडा जास्त. घमेल्यांत मोजलं तर साडेचारशेच्या आसपास. एवढा गाळ कुठे टाकायचा, हे पहिलं घमेलं उचलण्याआधी ठरवा. काठावर ढीग केलात, तर मृगाचा पहिला पाऊस तो सगळा परत आत नेईल.

आणि कुठे थांबायचं? चूक होते ती इथेच. जुन्या माणसांनी तळाशी चिकट माती किंवा शेडी (पांढुरकी चिकणमाती) चोपून बसवलेली असते, पाणी त्यावर टिकतं. खणण्याच्या भरात तो थर फुटला, की तळी जानेवारीतच आटते. फावड्यावर भरवसा ठेवू नका, मूठभर गाळ हातात घ्या. काळा गाळ बोटांमधून घसरतो आणि त्याला नासलेल्या अंड्यांसारखा वास येतो. मूळचा तळ पिवळट किंवा पांढुरका, नखांत रुतणारा आणि बिनवासाचा असतो. तो लागला की हात आवरा. वर चार बोटं गाळ राहिला तरी चालेल, पाणवनस्पतींना तो लागतोच. एखाद्या कोपऱ्यात झरा असेल, तर तिथला गाळ मात्र हाताने, नीट मोकळा करा.

तळाला सिमेंटचा गिलावा करायचा मोह टाळा. जांभ्याच्या जमिनीत पावसाळ्यात पाणी खालून वर दाबतं. तळी भरलेली नसेल, तर तो दाब गिलावा उचलून फोडतो. शिवाय झरा कायमचा बुजतो. भिंतीत सुटलेले चिरे बसवा, फटी भरा, पण मागचं पाणी झिरपायला अधूनमधून भोकं ठेवा. उंबर-पिंपळ वरून छाटून भागत नाही. तो चिरा काढून मूळ खणा आणि मगच चिरा बसवा. एका बाजूला दगडांचा उतार ठेवा, म्हणजे आत पडलेलं पिल्लू किंवा मुंगूस बाहेर येऊ शकेल. लहान मुलं असलेल्या घरी गडगा किंवा कुंपण घातल्याशिवाय पाणी भरू देऊ नका.

काढलेला गाळ वीतभर जाडीने पसरून दोन-तीन आठवडे उन्हात तापवा, मधूनमधून परता. काळा रंग जाऊन राखाडी-तपकिरी झाला आणि वास गेला, की माडांना द्या. माडाची कामाची मुळं बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात. त्या आळ्यात शेणखताबरोबर आठ-दहा घमेली पसरा, बुंध्याला मात्र टेकवू नका. खाडी जवळ असेल, तर गाळ खारट आहे का, ते आधी कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या. तळीत वर्षानुवर्षं प्लास्टरच्या आणि रासायनिक रंगाच्या गणपतींचं विसर्जन झालेलं असेल, तर तो गाळ भाजीला घालू नका.

तळ दोन-चार दिवस वाळला की चुना. कोकणची माती आम्लधर्मी, त्यामुळे चुन्याचा उपयोग होतो, पण प्रमाण सांभाळा. गुंठ्याला दोन ते तीन किलो शेतीचा चुना पुरतो. वरच्या मापाची तळी गुंठ्याच्या पाचव्या हिश्शाची, म्हणजे तिला अर्धा किलो. लोक अख्खी गोण ओततात आणि उरलेसुरले बेडूक मारतात. ज्या ओल्या कोपऱ्यात जीव ठेवलेत, तिथे चुना टाकूच नका.

पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी अंगणातली घाण, शेण आणि बागेतलं खत घेऊन येतं. ते पाटाने बाजूला वळवा आणि नंतरच आत घ्या. खताचं पाणी गेलं, की हिरवं शेवाळ आलंच. सांडवा नीट खोल ठेवा आणि त्याच्या तोंडाला अळू किंवा कर्दळ लावा. काठाला वेखंड, वाळा. कुमुद थेट गाळात न लावता चिकणमातीच्या पसरट कुंडीत लावून कुंडी तळाशी ठेवा, नाहीतर ते दोन वर्षांत सगळीकडे पसरतं. पाण्याचा तिसरा हिस्सा पानांनी झाकला, की सावली पुरेशी झाली.

डासांची अळी आठ-दहा दिवसांत डास होऊन उडते, म्हणून मासे हवेत. पण जोराचा पाऊस ओसरेपर्यंत थांबा, नाहीतर ते सांडव्यावरून वाहून जातील. वहाळात मिळणारे छोटे स्थानिक मासे सर्वांत चांगले. डोक्यावर चांदीचा ठिपका चमकणारा, पाण्याच्या पृष्ठालगत फिरणारा मासा अळ्या नेमक्या टिपतो. पाचशे चौरस फुटांच्या आतल्या तळीला दीड-दोन डझन पुरेत. गप्पी बंद हौदात ठीक. सांडवा वहाळाला मिळत असेल, तर गप्पी नको, तिलापिया नको आणि बंदी असलेला थाई मांगूर तर नकोच. पिशवीतले मासे आणलेत, तर पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवा आणि मगच सोडा.

पहिले दीड-दोन महिने पाणी गढूळ, मग हिरवट दिसेल. तेव्हा पाणी बदलू नका, औषध टाकू नका. गौरी-गणपतीच्या सुमारास दुसरी पायरी पाण्यातून दिसायला लागेल. त्या दिवशी पाण्याच्या पातळीवर चिऱ्यावर खूण करा आणि दर महिन्याला नवी खूण जोडत जा. मार्चपर्यंत पाणी किती उतरलं ते त्यावरून कळेल आणि पुढच्या उन्हाळ्यात कुठली भिंत पाहायची, तेही.