पोर्टेबल ईव्ही (इलेक्ट्रिक गाडी) चार्जर: नुसती पिन बदलून भागत नाही

खानापूरकडच्या जुन्या घरात सॉकेट ६ अँपिअरचं, चार्जरची पिन १६ची. कन्व्हर्जन प्लगने ती बसते, पण ३.३ किलोवॅटला १४-१५ अँपिअर तासन्‌तास ओढले जातात आणि सॉकेट वितळतं. म्हणून मेन बोर्डापासून ४ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र तांब्याची वायर, २०चा एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच) आणि १६चं सॉकेट घेतलं.

तरी चार्जरवरचा, अर्थिंग नीट नसल्याचं सांगणारा लाल दिवा जाईना. न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थिंगमध्ये ३८ व्होल्ट; ५च्या आत हवेत. जांभ्या जमिनीत मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो. कोळसा-मीठ घालून चार घागरी पाणी ओतलं, ३ व्होल्टवर आलं. दिवा घालवायला सॉकेटातच न्यूट्रल-अर्थ जोडू नका. न्यूट्रल तुटला की गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो.

मळ्यातल्या थ्री-फेज पंपाच्या बोर्डावर तर बहुधा न्यूट्रलच नसतो. तिथे दोन फेजमध्ये (करंट आणणाऱ्या तारांमध्ये) चार्जर जोडला तर ४१५ व्होल्ट, चार्जर जळणारच.