लेझरने सूक्ष्म खळगे पाडताना या चुका टाळा

इंदूरकडच्या औद्योगिक वसाहती, मग सांवेर रोड असो की पीथमपूर, तिथे फायबर लेझर मार्किंग मशीनचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. नाव-नंबर कोरणारं हेच मशीन बुश (शाफ्टभोवती बसणारी नळी) किंवा सीलच्या (तेलाची गळती रोखणारा भाग) घासणाऱ्या पृष्ठभागावर तेल धरून ठेवणारे बारीक खळगेही पाडू शकतं. राजा रामण्णा केंद्रासारखी लेझरची मोठी संस्था ज्या इंदूरमध्ये आहे, तिथल्या लहान वर्कशॉपांनी हे काम मनावर घ्यायलाच हवं. पण खळगा नीट उमटला नाही की लोक आधी पॉवर वाढवतात, आणि तिथूनच सगळं बिघडत जातं.

आधी फोकस बघा. १६० मिमी फोकस अंतराची लेन्स, ७ मिमीचा बीम आणि १०६४ नॅनोमीटरची तरंगलांबी असेल, तर हिशेबाने ठिपका ३१ मायक्रॉनचा येतो. उंची जेमतेम ०.७ मिमीने चुकली, तरी त्याचं क्षेत्रफळ दुप्पट होतं आणि किरणाचा मारा निम्म्यावर येतो. भंगारातली स्टीलची पट्टी घ्या, एका टोकाखाली ठोकळा सरकवून ती तिरपी करा आणि लांबीभर एकच रेघ मारा. रेघ जिथे सर्वांत बारीक, तिथली उंची तुमची.

खळग्यांऐवजी सलग चर पडतोय? २० किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला २०,००० पल्स (लेझरचे झटके) असताना, किरण सरकण्याचा वेग २०० मिमी प्रति सेकंद ठेवला, तर दर १० मायक्रॉनला एक पल्स पडते. ठिपके एकमेकांवर चढणारच. १०० मायक्रॉन अंतर हवं असेल तर वेग २००० करा.

खळग्याभोवतीची कड मात्र सर्वांत घातक. नॅनोसेकंद पल्स धातू वितळवते, तो काठावर साचून थिजतो, आणि घर्षण कमी करायला पाडलेला खळगाच समोरच्या पार्टला ओरखडतो. ऊर्जा कमी ठेवून फेरे वाढवा, शेवटी हलकं लॅपिंग, म्हणजे बारीक घासकाम करा. नखाला खरखर लागली तर काम अजून बाकी आहे.

पाणी न धरणारा पृष्ठभाग हवा असेल, तर त्याच दिवशी निकाल लावू नका. ताजं लेझर केलेलं स्टील पाणी उलट ओढून पसरवतं. हवेतली सेंद्रिय द्रव्यं त्यावर बसून गुण पालटायला काही दिवस, कधी आठवडे लागतात.

पीव्हीसी लेझरखाली घालू नका, हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू सुटतो. आणि हा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण थेट डोळ्यातल्या पडद्यापर्यंत (रेटिनापर्यंत) पोचतो. चष्मा १०६४ नॅनोमीटरसाठीचाच घ्या, शेजारी उभ्या राहणाऱ्या हेल्परलासुद्धा.