ट्रॅक्टर उभा आहे तोवर इंजिनचं काम काढा, पण आधी गळती कुठून आहे ते शोधा

पेरण्या उरकल्या, कोळपणी-फवारणीला मोठा ट्रॅक्टर लागत नाही, त्यामुळं जुलै-ऑगस्टात बऱ्याच जणांचा जुना ट्रॅक्टर शेडमधे उभा असतो. इंजिनचं काम काढायचं असेल तर हाच टाइम आहे. पुढं रब्बी ज्वारीची मशागत सुरू झाली, त्यामागून कारखाने पेटले आणि ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की मिस्त्री सापडत नाही, लेथवाल्याकडं क्रँक ठेवायला जागा नसते, आणि घाईत झालेलं इंजिन पुढच्या उन्हाळ्याच्या नांगरटीत परत धूर मारायला लागतं.

जुना बी-२७५ असो, झेटरवाला एचएमटी असो, मॅसी १०३५ नाहीतर स्वराज ७३५, या सगळ्यांत एक चांगलं आहे की स्पेअर मिळतात आणि गावातला मिस्त्री पण काम करू शकतो. पण त्याचमुळं होतं काय, की खाली ऑइलचा डाग दिसला की लगेच "सील गेलंय, काढू इंजिन" असं ठरतं. सील बदलतात, महिन्यात परत गळतं, परत बदलतात. अशा वेळी बऱ्याचदा सील खराब नसतंच, आतला दाब जास्त झालेला असतो आणि तो जिथं सापडंल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. म्हणून पान्हा लावायच्या आधी एक दिवस फक्त तपासणीला द्या.

पहिलं काम धुवायचं. डिझेल आणि ब्रशनं इंजिन, चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं), क्लच हाउसिंगची खालची बाजू स्वच्छ करा, पुसून कोरडं करा, सांध्यांवर टाल्कम पावडर नाहीतर खडूची भुकटी मारा आणि अर्धा तास चालवा, मग बॅटरी घेऊन वरून खाली बघत या. ऑइल नेहमी खाली उतरतं आणि फॅनच्या वाऱ्यानं मागं जातं, त्यामुळं डाग जिथं दिसतो तिथं गळती असेलच असं नाही. चेंबरचं पॅकिंग बदलून दमलेल्या कितीतरी जणांचं ऑइल खरं तर वरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून येत असतं, आणि ते काम तुलनेनं एकदम स्वस्तातलं आहे.

क्लच हाउसिंगच्या खाली एक छोटं भोक असतं, तिथून थेंब पडत असतील तर बोटावर घेऊन नीट बघा. काळं आणि पातळ असेल तर इंजिन ऑइल, म्हणजे क्रँकचं मागचं सील. घट्ट, चिकट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील, त्यात इंजिनचा काहीच दोष नाही. भात भागात चिखलणीला या भोकात प्लग लावतात, चिखलणी झाली की तो काढायचा राहतो आणि आत पाणी-ऑइल साठून क्लचप्लेट घसरायला लागते, तेवढं आत्ता आठवणीनं बघून घ्या.

आता दाबाचं. इंजिन गरम झाल्यावर मध्यम रेसवर ऑइल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ येणं चालतं, पण फकफक करत सारखा धूर बाहेर येत असेल तर जळलेला गॅस रिंगांवरून खाली उतरतोय. मात्र त्याआधी ब्रीदर पाईप (इंजिनच्या आतला गॅस बाहेर सोडणारा पाईप) काढून फुंकून बघा. उभ्या ट्रॅक्टरच्या पाईपात कुंभारीण माशी मातीचं घर करते, नाहीतर आतली जाळी काजळीनं बुजते, आणि नुसता ब्रीदर साफ केल्यावर गळती थांबली असं पण होतं. म्हणून हे आधी, बाकी नंतर.

रोज सकाळी डिपस्टिक बघायची सवय असेल तर अजून एक गोष्ट लक्षात येईल. ऑइल कमी होतंय हे सगळे बघतात, पण ऑइल *वाढतंय* हे जास्त धोक्याचं. वाढलं म्हणजे त्यात डिझेल नाहीतर पाणी मिसळतंय. डिझेल असेल तर ऑइल पातळ होतं आणि वास येतो, मग फीड पंपाचा डायफ्रॅम किंवा डिझेल पंपाचं सील तपासा आणि तोपर्यंत ट्रॅक्टर अजिबात चालवू नका, पातळ ऑइलवर बेअरिंग खलास होतात. पाणी असेल तर झाकणाच्या आत दुधाच्या चहासारखा फेस दिसतो. रात्रभर ट्रॅक्टर उभा ठेवा, सकाळी स्टार्ट न करता चेंबरचा प्लग हळूच सैल करा, पाणी जड असतं म्हणून आधी पाणीच बाहेर येतं.

पाणी कुठून जातंय हे शोधायला थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून पाणी काठोकाठ भरा आणि स्टार्ट करा. सारखे बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट गेलंय नाहीतर हेडला क्रॅक आहे. बुडबुडे नाहीत पण पाणी ऑइलमधे उतरतंय, तर ज्या इंजिनांना वेट लायनर (बाहेरून पाणी खेळतं असे सिलिंडरचे नळे) आहेत त्यांच्या खालच्या रबरी रिंगा बघा. चेंबर उतरवायचा, रेडिएटर भरलेला ठेवायचा, खाली कोरडा पुठ्ठा अंथरायचा, सकाळी कुठल्या लायनरखाली थेंब आहेत ते दिसतं. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी येत असेल तर फक्त पंपाचं सील गेलंय, तेवढ्यासाठी कुणी इंजिन खोलायला लावत असेल तर खोलू देऊ नका.

एक कळकळीचं सांगतो, नोझलच्या पाईपातून डिझेल उडतंय का हे हातानं चाचपून कधीच बघू नका. ती धार इतक्या दाबाची असते की कातडीतून आत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात जायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघा. आणि असं कुणाला झालंच तर दुखत नसलं तरी लगेच दवाखान्यात न्या.

आता खोलायचं कधी? निळा धूर, झाकणातून फकफक, गरम झाल्यावर ऑइल प्रेशरचा काटा पडणं आणि सकाळी स्टार्टिंगला त्रास, हे सगळं एकत्र असेल तर इंजिन काढायची वेळ आलेली आहे. नुसता काळा धूर असेल तर आधी एअर क्लीनर आणि नोझल बघा. शंका असेल तर कॉम्प्रेशन गेज लावून सगळे सिलिंडर तपासा, एखाद्यात कमी आलं तर नोझलच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत बघा. वाढलं तर रिंग-लायनर, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. चमचाभरच हं, जास्त ओतलं तर पिस्टन वर अडकून कॉनरॉड वाकतो.

मिस्त्रीशी बोलताना "हाफ इंजिन" की "फुल इंजिन" एवढ्यावर सोडू नका, प्रत्येकाच्या हाफमधे वेगळं काय काय असतं. लायनर-पिस्टन किट, मेन आणि बिग एंड बेअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम, ऑइल पंप, यातलं काय धरलंय ते कागदावर लिहून घ्या. इंजिन गिअरबॉक्सपासून सुटणार असेल तर क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग, मागचं सील त्याच वेळी बघून घ्या. सोडवताना पुढच्या ॲक्सलला दोन्हीकडून लाकडी पाचरी मारा, नाहीतर इंजिन कलंडतं, आणि विटांवर टेकू अजिबात देऊ नका.

खोलताना मोबाइलवर फोटो काढत जा. मेन बेअरिंगच्या कॅपा आणि कॉनरॉड ज्या नंबरचे, ज्या बाजूचे, तसेच परत बसले पाहिजेत. क्रँक डोळ्यांनी बघून "चालतोय" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मायक्रोमीटर लावायला सांगा, जर्नल (क्रँकचा बेअरिंगमधे फिरणारा भाग) गोल राहिलंय का अंडाकृती झालंय ते आकड्यातच कळतं. ग्राइंडिंग दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) झालं तर बेअरिंग पण दहाचंच लागतं, आणि ग्राइंडिंगहून आलेल्या क्रँकची ऑइलची भोकं तारेच्या ब्रशनं, डिझेलनं आणि हवेनं साफ केल्याशिवाय बसवू देऊ नका. त्या भोकात राहिलेली बारीक पूड नवीन बेअरिंग काही तासांत खाते, आणि मग दोष बेअरिंगच्या कंपनीला जातो.

रिंगा पिस्टनवर चढवायच्या आधी एकेक रिंग लायनरमधे सरळ बसवून फीलर गेजनं गॅप बघा. मॅन्युअलचा आकडा मिळाला तर तोच धरा, नाहीतर साधारण १०० मिमी बोअरला ०.३० ते ०.४० मिमी असतो. वेट लायनरची कॉलर ब्लॉकच्या वर किंचित आलेली असते, ती सगळ्या लायनरची सारखी पाहिजे, नाहीतर नवीन हेड गॅस्केट पण उडतं. हेडचे बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यात, टॉर्क पान्ह्यानंच. आणि ते लाल सिलिकॉन पॅकिंगला भसाभसा लावू नका, दाबून आत गेलेले तुकडे सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात.

पुढच्या पुलीचं सील बदलताना पुलीवर सीलनं खाच पाडलीय का नखानं बघा. खाच असेल तर सील किंचित पुढंमागं बसवा, नाहीतर स्लीव्ह टाका, नुसतं नवीन सील तिथं टिकत नाही.

पहिल्यांदा स्टार्ट करताना स्टॉपर ओढून ठेवा आणि प्रेशरचा काटा हलेपर्यंत थोडं थोडं थांबत फिरवा, मगच डिझेल द्या. नंतर तासन्‌तास आयडलवर ठेवू नका, रिंगा बसत नाहीत, हलक्या-मध्यम लोडवर काम करा, नांगर आणि भरलेली उसाची ट्रॉली लगेच नको. ५० तासांनी ऑइल-फिल्टर बदला, मिस्त्रीला बोलवून हेडचे बोल्ट आणि टॅपेट परत तपासून घ्या.

रेडिएटरमधे बोअरचं क्षाराचं पाणी टाकू नका. आत्ता पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी पहिली सर सोडून स्वच्छ ड्रममधे धरून ठेवा आणि त्यात कूलंट मिसळा. आणि ऑइलवाल्या एअर क्लीनरमधे गाळ साठला की त्यातलं ऑइल बदला, त्याच्या होस पाईपला चीर असेल तर आजच बदला, कारण तिथून गेलेली धूळ नवे लायनर एका हंगामात घासून टाकते.